एक टाकी बाहेर

"कपाला एकच कान का असतो?" गळकेनं विचारलं.

सकाळचे सव्वाअकरा झाले होते आणि चहा नुकताच ओतला होता. बायको गेल्यानंतर अठरा दिवसांनी तो कामावर आला होता, आणि आल्यापासून पहिल्यांदाच तोंड उघडत होता. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"का बरं?" फोरमननं विचारलं. इतक्या गोड आवाजात फोरमन कधी स्वतःच्या सासऱ्यांशीही बोलला नसेल.

"दोन असते तर एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून दिलं असतं."

आणि आम्ही हसलो. फोरमन पोट धरून हसला, सीलताईंनी तोंडाला रुमाल लावला, आणि मी तर टेबलावर थाप मारली. त्या थापेनं चहा सांडून आवक रजिस्टरची दोन पानं भिजली, तरी मी हसतच होतो. गळकेनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं, कप खाली ठेवला आणि मुकाट्यानं समोरचा मीटर उघडायला घेतला. चेहरा साफ पडला होता त्याचा. मला वाटलं, बायकोची आठवण झाली असेल. माझी अक्कल तेव्हा तेवढीच चालली.

हे नीट समजायचं तर आमच्या खोलीचा कायदा आधी सांगायला हवा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तळमजल्यावर, जिन्यामागे मीटर दुरुस्तीची खोली आहे. घरोघरचे बंद पडलेले पाण्याचे मीटर पोत्यांतून येतात. मी त्यांची नोंद करतो, म्हणून मला सगळे रजिस्टर म्हणतात. गळके ते उघडतो, चक्र्या धुतो, घासतो, बदलतो. फोरमन ते तपासतो. सगळं ठीक असलं की सीलताई तारेला शिशाचं सील ठोकतात आणि मीटर परत जातो. बावीस वर्षं आम्ही चौघं याच खोलीत आहोत. खिडकी एक, पंखा एक आणि तोही फोरमनच्या डोक्यावर.

गळके हे त्याचं आडनाव नाही. त्याच्या तोंडून पाणचट विनोद सारखे गळत असतात म्हणून फोरमननं पहिल्याच वर्षी त्याला गळका नळ केला. पुढे नळ गेला, गळका राहिला आणि नव्या साहेबांनी आदरानं त्याचं गळके केलं. आता पगाराचा कागद सोडला तर खरं नाव कुठेच उरलेलं नाही.

तर कायदा असा, की पाणचट विनोदाला हसायचं नाही. कपाळाला हात लावायचा, शिव्या घालायच्या, हातात असेल ते फडकं फेकून मारायचं. आणि विनोद अगदीच नासका निघाला तर सांगणाऱ्याला खोलीबाहेर काढायचं. शिक्षेची मुदत एक टाकी. मीटर तपासायला त्यातून पाणी सोडतात आणि ते शंभर लिटरच्या टाकीत मोजतात. टाकी भरायला सहा-सात मिनिटं लागतात आणि भरली की वरची हवेची नळी बारीक शिट्टी देते. शिट्टी झाली की आतल्या कोणीतरी उठून दार उघडायचं. बाहेरच्यानं आपण होऊन आत यायचं नाही.

शिक्षा म्हणतो खरं, पण तो मान होता. फोरमनलाही विनोद करायची हौस, पण त्याचे विनोद जेमतेम फडकं खाण्याइतपतच. बावीस वर्षांत तो दोनदाच बाहेर गेला, आणि त्यातलं एकदा तर आम्ही दया म्हणून काढला. गळकेचा विक्रम मात्र एका दिवसात सहा टाक्यांचा. त्या दिवशी त्याच्या हातून एकही मीटर झाला नाही, पण संध्याकाळी छाती काढून घरी गेला. एकदा तो बाहेर उभा असताना मोठे साहेब आले.

"काय हो, इथे काय करताय?"

"शिक्षा भोगतोय साहेब."

"कसली?"

गळकेनं खरं ते सांगून टाकलं. "मी विचारलं, घड्याळ जन्मभर उपाशी का? तर काटे आहेत, पण चमचा नाही."

साहेब क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अजून एक टाकी उभे राहा." गळके ते वर्षभर सांगत होता.

हा कायदा त्याच्या बायकोनंही घरी लागू केला होता. वहिनी म्हणजे शांत बाई. आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, गळकेनं ताटावर बसल्या बसल्या काहीतरी पुडी सोडली, तर वहिनींनी हातातला डाव गॅलरीच्या दिशेनं केला, बस्स. हा उठला आणि निमूट बाहेर गेला. आतून कडी. "आमच्याकडे तीन शिट्ट्या असतात," वहिनी म्हणाल्या, कुकरकडे बोट दाखवत. तिसरी शिट्टी झाली, त्यांनी गॅस बंद केला, कडी काढली आणि म्हणाल्या, "या आता आत." हा पायपुसण्यावर पाय पुसून आत आला, वरणासारखा पसरट हसत. मला तेव्हा खरंच हेवा वाटला. माझ्या घरी मला कोणी बाहेरही काढत नाही, की आतही बोलावत नाही.

मग चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि वहिनी गेल्या.

तो कामावर यायच्या आदल्या दिवशी फोरमननं आम्हाला टाकीपाशी उभं केलं. "हे बघा, माणूस कोलमडलाय. त्याला बरं वाटलं पाहिजे. तो काही बोलला की हसायचं. मनापासून."

"मनापासून कसं?" सीलताई म्हणाल्या. "त्यांचे विनोद ऐकलेत ना तुम्ही?"

"माणुसकी म्हणून हसा, ताई."

असे आम्ही माणुसकी म्हणून हसायला लागलो. पहिल्या दिवशी कपाच्या कानाला हसलो. दुसऱ्या दिवशी गळके म्हणाला, "टेबलाला चार पाय, तरी चालत का नाही? शेजारीच खुर्ची आहे, बसलंय." आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, चावीला दात आहेत तर ती चावत का नाही, आणि उत्तर द्यायच्या आधीच फोरमन हसून मोकळा झाला. गळके दिवसेंदिवस वाईट विनोद करत होता. मी शपथेवर सांगतो, त्या महिन्यात त्यानं असे विनोद केले की एरवी त्याला खोलीबाहेर नाही, इमारतीबाहेर काढला असता. आणि प्रत्येक विनोदानंतर तो दाराकडे बघायचा. आम्ही हसत बसायचो.

त्याचा डबाही बदलला होता. भात रोज करपलेला. वास सगळ्या खोलीत पसरायचा. पूर्वी असा भात आणला असता तर त्याच्या चेष्टेवर आठवडाभर गुजराण केली असती आम्ही. आता कोणी काही बोलेना. सीलताई आपल्या डब्यातलं त्याच्या ताटलीत वाढायच्या, फोरमन खिडकी उघडायचा, आणि मी रजिस्टरमध्ये डोकं घालायचो.

महिन्याभरानं विनोद थांबले. खोलीत फक्त पाण्याचा आणि हातोडीचा आवाज. एक दिवस आवक कागदांत मला गळकेच्या अक्षरातला अर्ज दिसला. गावाबाहेरच्या पंपघरावर बदली मागितली होती. तिथे एकच माणूस लागतो. दोन पंप, एक खुर्ची आणि चौफेर रान. कारण लिहिलं होतं, 'सध्याच्या खोलीतील वातावरण अति प्रेमळ असल्याने.'

बावीस वर्षांच्या कारकुनीत असं कारण मी पाहिलं नव्हतं. जावक क्रमांक टाकून अर्ज साहेबांकडे पाठवणं हे माझं काम. पण माझा हात उठेना. हा माणूस गेला तर या खोलीत उरणार कोण, एक खवट कारकून, एक जाडा फोरमन आणि सील. मला फार एकटं वाटलं. मी अर्ज खणात टाकला आणि डबा खायच्या सुट्टीत त्याला जिन्याखाली गाठला.

"हा काय वेडेपणा, गळक्या?"

"वेडेपणा कसला? पंपाशी माझं जमेल. पंप उगाच हसत नाही."

"अरे, तुला बरं वाटावं म्हणून..."

"माहितीय मला." तो डब्याच्या झाकणाशी खेळत होता. "तुम्ही हसलात ना पहिल्या दिवशी, तेव्हा मला कळलं, ती खरंच गेली. तोपर्यंत जरा कुठेतरी गेलीये असं वाटत होतं."

त्यानं डबा उघडला. भात आजही करपलेला.

"हा भात कसा करपतो माहितीय?" तो म्हणाला. "मी कुकर लावतो. तोंडाला सवय, काहीतरी सुचतं, मी मोठ्यानं बोलून टाकतो. पायांनाही सवय, गॅलरीत जाऊन उभा राहतो. शिट्ट्या होतात. तीन होतात, चार होतात, आठ होतात. मी आपला उभा. कायदा आहे ना, आपण होऊन आत यायचं नाही. मग वास येतो, तेव्हा आठवतं की गॅस बंद करणारंच कोणी नाही." त्यानं एक घास खाल्ला. "अगदीच वाईट नाही लागत. धुरकट लागतो जरा."

मला रडू आलं. मी साफ सांगतो, जिन्याखाली उभा राहून मी रडलो, आणि तो मला करपलेला भात खा म्हणून आग्रह करत होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी मुद्दाम म्हणालो, "गळक्या, बऱ्याच दिवसांत काही सांगितलं नाहीस."

त्यानं मान वर केली नाही. "काय सांगू? आहेच काय."

"असेल काहीतरी सडकं, उरलंसुरलं."

तो बराच वेळ एका चक्रीवर फुंकर मारत राहिला. मग हळूच म्हणाला, "टाकीला सगळ्यात जास्त अपमान कसला वाटतो?"

"कसला?"

"पाणउताऱ्याचा."

फोरमननं हसायला तोंड उघडलं. मी उठलो. बायको गेलेल्या माणसावर ओरडायचं म्हणजे काय चेष्टा आहे? शेवटी फाटक्या आवाजात कसाबसा म्हणालो, "चालता हो."

फोरमनचं हसू तोंडातच राहिलं. "अरे रजिस्टर, काय बोलतोयस तू? शुद्धीवर आहेस का?"

"याला बाहेर काढा. बावीस वर्षांत इतकं टुकार ऐकलं नव्हतं. ऊठ."

गळके माझ्याकडे बघतच राहिला. त्याला खरं वाटत नव्हतं. मी पुन्हा हसेन की काय, या भीतीनं तो बसल्या जागी घट्ट झाला होता. तेवढ्यात सीलताईंनी हातोडी खाली ठेवली. एरवी मुंगीलाही वाट देणारी बाई.

"दादा, लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? चांगल्या चहाची माती केलीत. उठा. आणि हो, रोज रोज भात करपवून आणता, नाकं बसलीत आमची. त्याची वेगळी एक टाकी." असं म्हणून त्यांनी ओलं फडकं भिरकावलं. ते त्याच्या खांद्यावर बसलं.

आता फोरमनला राहवेना. "बरं झालं बाबा," तो म्हणाला, "महिनाभर हसून माझे गाल दुखताहेत. निघ रे, निघ. भिकार विनोद. तू मागे चावीचा केलास ना, त्याचीही धरून तीन टाक्या."

गळके उठला. फडकं खांद्यावर तसंच ठेवून, मान खाली घालून तो दाराबाहेर गेला. मी आतून कडी घातली. फोरमननं पाणी सोडलं.

दाराला वरच्या बाजूला काच आहे. काचेतून त्याचं अर्धं डोकं दिसत होतं. जिन्यावरून कोणी विचारलं असावं, कारण त्याचा आवाज आला, "शिक्षा झालीये," आणि त्या आवाजात जुनी ऐट होती.

पहिली टाकी भरली, शिट्टी झाली. फोरमननं ती रिकामी करून परत लावली. तीन टाक्यांचा कायदा म्हणजे वीस मिनिटं. दुसऱ्या टाकीच्या वेळी फोरमनचा जीव वरखाली व्हायला लागला. "बिचारा उभा आहे. वॉल्व्ह जरा मोठा सोडू का? लवकर भरेल."

"काही नको," सीलताई डोळे पुसत म्हणाल्या. "हक्काच्या आहेत त्यांच्या."

तिसरी शिट्टी झाली. मी खणातून अर्ज काढला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि आमच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारला. मग दाराशी जाऊन कडी काढली. गळके दाराकडे तोंड करून, अगदी उंबऱ्याला लागून उभा होता. फडकं अजून खांद्यावर होतं. शिट्ट्या त्यानंही मोजल्या होत्या.

मी त्याला बावीस वर्षं अरे-तुरे करत आलोय. पण त्या वेळी तोंडातून दुसरंच निघालं.

"या आता आत," मी म्हणालो.

त्यानं खाली पाहिलं. आमच्या दाराशी पायपुसणं नाही, कधीच नव्हतं. त्यानं खांद्यावरचं फडकं काढून उंबऱ्यापाशी अंथरलं, त्यावर आधी एक पाय पुसला, मग दुसरा पुसला, आणि तो आत आला.