चार नंबरच्या चेंबरमधला बटाटा

सावळारामशेठना लकवा झाला आणि कळंबजवळच्या त्यांच्या कोल्ड स्टोरेजचा कारभार सुनेकडे, सुप्रियाकडे आला. दत्ताला त्यात वावगं वाटलं नव्हतं. सून राहुरीला शेतकी शिकलेली होती, बोलायला सौम्य होती. दत्ता तिथला ऑपरेटर. बाप डिंगोरे गावाकडे मेंढरं राखायचा, कुठलं मेंढरू आज चरणार नाही हे त्याला चालीवरून कळायचं. दत्ताला तसंच कॉम्प्रेसरचं कळे. अकरा वर्षांत त्याच्या हातून माल सडल्याची तक्रार आली नव्हती.

सुप्रियाविषयी त्याचं मन फिरलं ते दोन हजार दोनच्या मार्चमध्ये. पठारावरच्या सात शेतकऱ्यांचा बटाटा चार नंबरच्या चेंबरमध्ये लागला, तेव्हा सुप्रिया म्हणाली, "दत्ताभाऊ, हे चेंबर दहा डिग्रीवर ठेवायचं."

"दहा? वयनी, बटाटा चारवर ठेवत्यात. शेठ बी चारच ठेवायचे."

"माहीत आहे मला. हा दहावरच ठेवा. आणि बाहेर याची चर्चा नको."

ते शेवटचं वाक्य दत्ताच्या मनात कुसळासारखं रुतलं. सरळ काम असेल तर चर्चेचं भय कशाला? पुढच्याच आठवड्यात पांढऱ्या सुमोतून दोन माणसं आली, सुप्रियाशी इंग्रजीत बोलली, पिशवीभर बटाटे घेऊन गेली. निघताना एकाने पावलं टाकत आवाराची लांबी मोजली.

हमालांचा मुकादम जानकू बिडी विझवत म्हणाला, "सोपं हाय की. म्हातारा अंथरुनावर. माल सडवायचा, विमा घ्यायचा, धंदा बुडाला म्हनायचं आन हायवेची जागा इकायची. नाव कुनाचं खराब? ऑपरेटरचं."

 त्या दुपारी दत्ताने वॉल्व्ह फिरवला आणि चेंबर हळूहळू चारवर आणलं. रजिस्टरात मात्र सकाळ-संध्याकाळ दहाच लिहीत राहिला. सुप्रियाला दमा होता, गारठ्यात गेलं की तिची छाती भरून यायची, म्हणून ती आत जात नसे. रजिस्टर बघायची, सही करायची. ती सही करताना दत्ता तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघे. कपट दिसत नसे. न दिसणारं कपट जास्त वाईट, असं तो स्वतःला समजावी. शेतकऱ्यांचा माल आपण वाचवतोय, या विचाराने त्याला झोपही चांगली लागायची.

जूनच्या अखेरीस सुमो परत आली. या खेपेला सुप्रियाने ऑफिसातच गॅस मांडला, चार नंबरमधले बटाटे आणवले, काप केले आणि कढईत सोडले. दत्ता दाराशी उभा होता. काप तेलातून निघाले ते करपलेल्या भाकरीच्या रंगाचे.

सुमोतला माणूस वेफर्सच्या कंपनीचा होता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, दहा डिग्रीवर ठेवूनही एवढी साखर होत असेल, तर तुमच्या पठाराचा माल आमच्या कामाचा नाही." चहा अर्धा ठेवून तो गेला.

सुप्रिया काळ्या कापांकडे बघत बसली. "दत्ताभाऊ, सोमवारी सातही जणांना बोलवा. पुढच्या वर्षी कंपनीच्या भरवशावर लागवड करू नका, असं सांगून टाकते."

"साखर म्हंजी काय, वयनी?"

"जास्त गारठ्यात बटाटा गोड होतो. गोड झाला की तळताना काळा पडतो. दहावर ठेवला तर होत नाही, असं आम्ही शिकलो होतो. चुकीचं शिकलो बहुतेक."

 दत्ता मशीनघरात जाऊन उभा राहिला. जानकू मागोमाग आला. "गप ऱ्हा. तुजं नाव कोन घेतंय?" खरंच कोणी घेत नव्हतं. त्याचंच दत्ताला ओझं झालं. तो परत ऑफिसात गेला आणि उभ्यानेच सगळं सांगून मोकळा झाला.

सुप्रियाने काळे काप बाजूला सारले.

"का केलंत असं?"

"तुमच्यावर भरवसा नव्हता. माल सडवून जागा इकायची म्हनून चाललंय, असं वाटलं."

"आवार मोजलं ते त्यांचे ट्रक वळतील का बघायला. मला विचारायचं होतं."

"तुमीच म्हनल्या, चर्चा नको."

"बाहेर नको म्हटलं होतं. तुम्ही बाहेरचे आहात का?"

"मला तसंच वाटलं, वयनी."

ती यावर चिडेल असं त्याला वाटलं. ती खिडकीकडे वळली. "वेफर्सच्या कंपनीला माल द्यायची कल्पना मामंजींनी दोनदा धुडकावली होती. फसली असती तर पहिले घरचेच हसले असते. म्हणून तोंड मिटून बसले." मग म्हणाली, "तीन आठवडे सोळा डिग्रीवर ठेवला, तर साखर थोडी उतरते म्हणतात. मी केलेलं नाही कधी."

"सोळावर मधल्या थप्प्या तापतील," दत्ता म्हणाला. "वारा खेळाय जागा न्हाई. निम्म्या गोण्या पडवीत सावलीला काढाव्या लागतील आन बाकीच्यात हातभर गाळा सोडावा लागंल."

सुप्रियाने त्याच्याकडे पाहिलं. ती नजर दत्ताला ओळखीची वाटली. चार महिने तो तिच्याकडे तसाच बघत होता. "निम्मा माल बाहेर? हे खरंच गरजेचं आहे, की..." 

"तुमी सोता बगा."

आणि ती बघू लागली. रोज सकाळी डोक्याला शाल गुंडाळून आत यायची, खोकत थर्मामीटर वाचायची, रजिस्टराशी ताडून बघायची. दत्ताला ते बोचे. पण बोलायचं तोंड त्याने ठेवलं नव्हतं. तो हमालांना घेऊन थप्प्या मोडे, कोंब आलेला बटाटा वेचून काढी, मधल्या गोणीत हात घालून ऊब बघे.

सोमवारच्या बैठकीत सुप्रिया शेतकऱ्यांना म्हणाली, "चेंबरचं तापमान आमच्याकडून चुकलं."

मागच्या बाकावरून दत्ता उठला. "आमच्याकडून न्हाई. माज्याकडून."

पठारावरचे भिमाजी जुने माणूस. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आता तरी नीट हाय ना?"

"हाय."

"मग बस खाली."

अठराव्या दिवशी पुन्हा कढई चढली. दहातले सात काप पिवळसर निघाले. सुप्रियाने फोन केला, कंपनीचा माणूस नाखुशीनेच आला आणि निम्म्याहून थोडा जास्त माल पसंत करून गेला. उरलेला मंचरच्या बाजारात साध्या बटाट्यासारखा विकला गेला. जानकू म्हणायचा, बाईचं नशीब. कधीकधी दत्तालाही तसंच वाटे.

पुढच्या फेब्रुवारीत सुप्रियाने त्याला ऑफिसात बोलावून टेबलावर कागद पसरला. खास वेफर्सच्या मालासाठी नवं चेंबर बांधायचं होतं. अजून कुदळही पडली नव्हती, घरातही कुणाला माहीत नव्हतं.

"कुठं पटत नाही ते सांगा."

दत्ताने बराच वेळ कागद निरखला. आपल्याला आधी दाखवतेय ते कशासाठी, हाही विचार मनात येऊन गेला.

"हे दार मावळतीकडं कशाला?"

"ट्रक लावायला सोपं."

"पावसाची झड तिकडूनच येती. गोण्या भिजतील."

तिने पेन्सिल घेतली, दार खोडलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला. "मग कुठं काढू?"