दाखल्यावरची रेघ

शाळाप्रवेशाच्या डिस्ट्रिक्ट ऑफिसातल्या बाईंनी जन्माचा दाखला उलटसुलट करून पाहिला. "यात मुलीचं नाव कुठाय?"

आश्लेषानं दाखला पुन्हा पाहिला. नागपूर महापालिकेचा शिक्का होता, आईबापांची नावं होती; बाळाच्या नावापुढे मात्र नुसती रेघ. नवऱ्याला, श्रीरंगला, तेव्हा व्हिसाची घाई, म्हणून दाखला बारशाआधीच काढला होता. नाव नंतर घालून घेऊ म्हणता म्हणता पाच वर्षं गेली.

"मग पासपोर्ट आणा. आज साडेचारपर्यंत. सोमवारपासून वेटिंग लिस्ट."

पासपोर्ट श्रीरंगच्या कुलूपबंद बॅगेत होते. गेल्याच आठवड्यात त्यानं फर्मान काढलं होतं, की मायलेकींनी एप्रिलमध्ये नागपूरला जायचं, कायमचं. "आणि नेत्राची शाळा?" एवढंच ती म्हणाली, तर त्यानं तिचं डोकं फ्रिजवर आपटलं. म्हणून तर ही धडपड. शाळेच्या यादीत एकदा नाव चढलं, की पोरगी दिसेनाशी झाल्यावर विचारणारं अमेरिकेतल्या या ईडन प्रेरीत कुणीतरी असेल.

ओळखीच्या सुनेत्राकाकूंनी गाडी आश्लेषाच्या अपार्टमेंटखाली लावली. काकू तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात भूल देऊन निवृत्त झालेल्या. आश्लेषाला ड्रायव्हिंग येत नव्हतं; श्रीरंगनं शिकू दिलं नव्हतं.

"मी येते वर."

"नको काकू, नेत्राजवळ थांबा. त्याची गाडी नाहीये, बघितलं मी."

ती नेहमी आधी गाडी बघायची. पण गाडी आज सर्व्हिसिंगला होती, आणि मालक घरी.

बॅगेचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं उचकटून तिनं निळं पुस्तक हातात घेतलं, तोच मागून केस ओढले गेले.

"चोरी? माझ्या घरात?"

"नेत्राचा पासपोर्ट आहे तो."

"व्हिसा माझा, नोकरी माझी, आणि अक्कल तू शिकवणार? मोठी एमेस्सी!"

त्यानं तिला केसांनी फरफटत स्वयंपाकघरापर्यंत नेलं. पोटात लाथ बसली. श्वास गेला तो परत येईना. तिनं पासपोर्ट सोडला नाही. मग त्यानं तिचा उजवा हात ओट्याच्या ड्रॉवरमध्ये धरला आणि ड्रॉवर ढकलला. एकदा. पुन्हा. बोटं कडकन वाजली. पुस्तक खाली पडलं.

"सोड म्हटलं की सोडायचं," तो शांतपणे म्हणाला आणि उचलायला वाकला.

डाव्या हाताला ओट्यावरचा पितळी बत्ता लागला. तिनं तो त्याच्या गुडघ्यावर घातला. तो ओरडला, कोसळला आणि तिचा घोटा धरला. तिनं त्याच्या मनगटावर दुसरा घाव घातला. तिसराही उगारला होता, डोक्याच्या नेमावर. खाली गाडीत नेत्रा होती. तिनं बत्ता टाकला, पासपोर्ट उचलून दातांत धरला आणि जिन्यावरून अक्षरशः घरंगळत खाली आली.

काकूंनी हात पाहिला. "दोन मोडलीत. आधी इमर्जन्सी."

"आधी ऑफिस."

"वेडी आहेस का गं?"

"काकू, सव्वाचार झालेत!"

मागून नेत्रा म्हणाली, "Mumma, you're bleeding."

"हो राजा. सीटबेल्ट लाव."

चार अठ्ठावीसला ती काउंटरपाशी उभी होती. पासपोर्टच्या कडेला रक्ताचं बोट उमटलं होतं. बाईंनी कॉपी काढून फॉर्म पुढे सरकवला. आश्लेषानं डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारखी वाकडीतिकडी सही केली.

"तुमचे मिस्टर मुलीला न्यायला आले, तर कोर्टाच्या ऑर्डरशिवाय मी त्यांना अडवू शकणार नाही," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पोलिसांना फोन करू?"

आश्लेषानं काकूंकडे पाहिलं.

"तुला खोटं नाही सांगत," काकू मराठीत म्हणाल्या. "पोलीस आले आणि त्याची नोकरी गेली, तर व्हिसा जाईल, आणि त्याच्याबरोबर तुझाही. शिवाय तूही मारलंयस, ते विचारतील. पण आज तू तिथं परत गेलीस, तर पुढच्या वेळी मला बोटं मोजायला बोलावू नकोस."

भिंतीवरच्या घड्याळात साडेचारवर तीन मिनिटं उलटून गेली होती.

"आधी शिक्का मारा," ती बाईंना म्हणाली.

बाईंनी तारखेचा शिक्का मारला, सही केली आणि फॉर्म नोंदणीच्या फायलीत लावला. फाईल बंद होईपर्यंत आश्लेषानं नजर हलवली नाही.

"आता करा फोन."