पियानोवाले अस्वल आणि मी

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, आणि बरकतपुऱ्यातल्या दोन पिढ्यांना हसवण्याचे पुण्य माझ्या पदरी आहे. म्हणजे हसवायचे रिळातले अस्वल. मी फक्त तापायचो.

मित्रांनो, माझे मालक आबासाहेब यांनी आम्हा दोघांना कोठी बाजारातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून एकत्रच आणले. त्या आठ मिनिटांच्या कार्टूनमध्ये एक लठ्ठ अस्वल पियानो घेऊन जिना चढायचे आणि पियानो त्याला घेऊन उतरायचा. दर वाढदिवसाला हेच. मी उलटा फिरलो, की पियानो अस्वलाला घेऊन जिना चढायचा. हा विनोद सर्वस्वी माझा. टाळ्या मात्र अस्वलाला.

नातू गौतमच्या वाढदिवशी पियानो ऐन डोक्यावर येत असताना आबासाहेबांनी चित्र थांबवले. दिव्यासमोर थांबलेले रीळ जळते, हे मला ठाऊक होते. एरवी मी खडखडाट करून सांगितले असते. त्या दिवशी गप्प बसलो. पडद्यावर अस्वलाच्या पोटाला परातीएवढे भोक पडले. पोरे इतकी हसली की गौतमला उचकी लागली.

मग केबल आली. टीव्हीवर दिवसभर कार्टून दिसू लागले आणि आम्ही दोघे माळ्यावर गेलो. तिथे मी सुखात होतो. अस्वलालाही कोणी विचारत नव्हते.

शहाण्णव साली दिलीपराव आले. पुण्याहून इथल्या संगणक कंपनीत आलेले, जुन्या कार्टूनांची रिळे जमवणारे. भिंगाखाली रीळ सरकवत ते जळक्या जागेवर थांबले. मला वाटले, आता अस्वलाची फजिती.

"हे भोक दुसऱ्या कुठल्याच प्रतीत नसणार," ते म्हणाले. "मला हेच हवंय."

"मग मशीन पण घ्या की हो," आबासाहेब म्हणाले. "जोडीनं राहिलेत दोघं."

"मशीन नको. घरात जागा नाही."

"आमच्यात तरी कुठं हाय?" सूनबाई त्रिवेणी म्हणाली. "माळ्यावर तर नक्कोच आता, मामंजी."

अस्वल मलमलीत गुंडाळून गेले. मी खाली आलो. माझ्या पेटीवर टीव्हीचा स्टॅबिलायझर बसला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, त्यांची धूळ पुसा, आणि जोडी फोडू नका. मत्सर तर मुळीच करू नका. त्याने दुसऱ्याचा भाव वाढतो.

गेल्या दिवाळीत दिलीपराव फराळाला आले. अस्वल काचेच्या कपाटात कुलूपबंद आहे, म्हणाले. ते अजून तसेच हसवते का, असे आबासाहेबांनी विचारले.

दिलीपरावांकडे प्रोजेक्टर नाही.