तीन पायांचा वाटा

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. खरे सांगायचे तर मी अर्धेच टेबल आहे. माझा उरलेला अर्धा भाग जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत आहे. माझ्यावर हात ठेवलात तर मी जरा डुगडुगेन, पण घाबरू नका. ही खोड मला जन्मापासून नाही, ती वाटणीत आली.

मी अखंड होते तेव्हा मला पाहायला माणसे दारात थबकत. सुताराने मला इतके लांब केले होते की कचेरीच्या दारातून मी आत जाईना. शेवटी खिडकी चौकटीसकट उखडून मला आत घेतले. मला सहा पाय होते. दोन या टोकाला, दोन त्या टोकाला आणि दोन बरोबर मधोमध. रस्ता कुठून न्यायचा, पाणी आधी कुणाला सोडायचे, सगळे माझ्यावरच ठरत असे. वर कागद आणि कपबशा, खाली माणसांचे पाय. मी माणसे पायांवरूनच ओळखते. वरचा चेहरा कितीही गंभीर असो, टेबलाखालचे गुडघे खोटे बोलत नाहीत.

कचेरीच्या शिपायाला सगळे चावीवाले काका म्हणत. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असे की काका कुठे आहेत हे आंधळ्यालाही कळावे. रोज सकाळी ते मला पुसत आणि म्हणत, "काय रे लांबोड्या, झोप झाली का?" त्यांची स्वतःची झोप कचेरीमागच्या सामानाच्या खोलीत, एका जुन्या लाकडी खाटेवर होई. घर नदीपलीकडच्या गावात. म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बायकोला इकडे आणता येत नव्हते. जोडून सुट्टी आली तरच काकांना घर दिसे.

नदीपलीकडच्या साऱ्यांचेच हाल होते. लांबच्या पुलावरून वळसा घालून माणसे यायची, आणि साहेब दौऱ्यावर! "उद्या या," असे ऐकून ती कचेरीच्या ओट्यावरच पथारी टाकत. मग पलीकडच्या भागाचा वेगळा जिल्हा करा, अशी मागणी उठली आणि माझ्यावर नकाशा पसरला गेला.

ते दिवस आठवले की अजून माझ्या फळ्या करकरतात. आज जिल्हा झाला म्हणत, उद्या बारगळला म्हणत. नकाशावरची पेन्सिलीची रेघ खोडून खोडून कागद विरला. माझ्याखाली कुणाची टाच सारखी आपटत होती, कुणी चपलेतून पाय काढत घालत होते. काका दाराशी उभे असत. चेहऱ्यावर काही नाही, पण एक पाय दुसऱ्यावर घासत राहायचा.

एका सकाळी मला पुसताना ते हळूच म्हणाले, "लांबोड्या, झाला ना जिल्हा, तर मी रोज रात्री घरी जेवायला असेन बघ."

आणि जिल्हा झाला! बाहेर फटाके वाजले आणि आत भांडणे सुरू झाली. कपाटे, पंखे, गाड्या, माणसे, सगळे निम्मे-निम्मे करा असा हुकूम होता. एकीकडे जुन्या कचेरीच्या हेडक्लार्क बाई, दुसरीकडे नव्या जिल्ह्याचे नवे साहेब. भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ कुणाचे यावर एक अख्खी दुपार गेली, ते शेवटी नव्या साहेबांनी पटकावले. मग पाळी माझी आली.

"टेबल इथंच राहील," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आम्ही काय सतरंजीवर बसून जिल्हा चालवायचा?"

"मग घ्या कापून!"

बाई रागाच्या भरात बोलून गेल्या. पण बोललेला शब्द मागे कोण घेणार? दुसऱ्या दिवशी सुतार हजर. त्याने खाली वाकून पाहिले आणि विचारले, "कापायला मला काय, कापतो. पण मधले दोन पाय कुणाचे?"

दोन्ही पाय एकाला दिले तर दुसऱ्यावर अन्याय. अखेर तोड निघाली. एक पाय याला, एक पाय त्याला. आणि जो पाय ज्या बाजूला आहे तो तिथेच राहील, मागाहून तक्रार नको! असा अगदी काटेकोर न्याय झाला आणि दोन्ही भागांचा एकेक कोपरा अधांतरी राहिला. करवतीचे मी तुम्हाला काही सांगणार नाही. काका तेवढा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले होते.

शेवटी माणसांची वाटणी झाली. "काकांना मात्र मी सोडणार नाही," बाई म्हणाल्या. "कुठली किल्ली कुठल्या कपाटाची, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? सोन्यासारखा माणूस आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांचे एवढे कौतुक त्या खोलीत कधी झाले नव्हते, आणि त्या कौतुकानेच त्यांचा घात केला. त्यांना कुणी काही विचारले नाही. दाराशी त्यांचा तो चुळबुळणारा पाय अगदी थांबला. मला फार वाईट वाटले.

मी ज्या नव्या कचेरीत आले ती म्हणजे एक रिकामे गोदाम. भिंतींचा चुना अंगाला लागायचा. माझ्या अधांतरी कोपऱ्याखाली कुणी पत्र्याचा डबा ठेवी, कुणी फायली रचे, आणि गरज पडली की काढून नेई. मग मी कलंडायचे. मला लंगडे म्हणू लागले. मला कोण पुसणार? धूळ खात, कधी कोसळेन या धास्तीत मी दिवस काढत होते.

एकदा सकाळी गर्दीत एक बाई आली. सासूच्या आजारपणासाठी दाखला हवा होता. नव्या साहेबांनी कागद पाहिले, सही केली, शिक्का मारला.

"झालं?" ती म्हणाली. "आत्ता लगेच? अहो, मी उद्याचाही डबा बांधून आणलाय!"

आनंदाच्या भरात ती नेमकी माझ्या लंगड्या कोपऱ्यावर रेलली. मी कलंडले आणि साहेबांचा चहा साहेबांच्याच मांडीवर गेला. तिने चटकन मला सावरले आणि खाली वाकून पाहिले.

"अगं बाई! याला इकडे पायच नाही?"

"वाटणीत तीनच आले," साहेब मांडी पुसत ओशाळून म्हणाले.

"आमच्या घराचंही तेच झालंय, साहेब. एक पाय तिकडंच ठेवून घेतलाय, किल्ल्या सांभाळायला."

साहेबांचा हात थांबला. "चावीवाले काका तुमचे कोण?"

"आमचे हेच की."

मित्रांनो, ती निघून गेली तरी साहेबांचे गुडघे माझ्याखाली किती वेळ हलत होते! मग त्यांनी जुन्या कचेरीत फोन लावला. "बाई, ते घड्याळ परत घ्या, पण काकांना सोडा. इथला एक शिपाई पोराच्या शाळेसाठी तिकडं यायला तडफडतोय, त्याला पाठवतो."

पलीकडून बाई म्हणाल्या, "घड्याळ नको मला. त्यांना एकदा विचारावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो. आणि इकडचं टेबलही सारखं पडतंय."

तरी काका लगेच आले नाहीत. आधी त्यांनी प्रत्येक किल्लीला कपड्याची रंगीत चिंधी बांधली आणि त्याच रंगाची चिंधी त्या त्या कपाटाला. मग एका सकाळी ते आले. काखेत एक लाकडी पाय होता.

"माझ्या खाटेचा आहे," त्यांनी साहेबांना सांगितले. "एक तिकडच्या अर्ध्याला ठोकून आलो, एक याला. आता त्या खाटेवर कोण झोपणार आहे?"

तो पाय इतर तिन्ही पायांपेक्षा किंचित आखूड आहे, म्हणून मी अजून डुगडुगते. पण आता पडत नाही. कचेरी सुटली की काका म्हणतात, "येतो रे लांबोड्या," आणि घरी जेवायला जातात.

मित्रांनो, वाटणीवर माझा राग नाही. वाटणी झाली म्हणूनच त्या बाईला तिचा दाखला एका सकाळी मिळाला. तुम्हीही मोठे व्हाल, एकाचे दोन करायची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा करवत उचलण्याआधी एवढे करा. टेबलाखाली वाकून एकदा पाय बघा, आणि दाराशी जो गुपचूप उभा असेल त्याला विचारा, "तुमचं घर कुठं आहे?"