निरोपातलं मीठ

"आई, तुझा फोन दे," ओम म्हणाला, तशी मालनबाईंनी हातातली मेथीची जुडी टाकली आणि मांडीजवळचा फोन ओल्या गोणपाटाखाली सारला.

"चार्जिंग नाय त्याला."

"मी लावतो की चार्जिंगला."

"कालपासून बंदच पडलाय तो. लय जुना झाला."

तेवढ्यात गोणपाटाखाली फोन टिंग करून वाजला. मायलेक दोघंही त्या गोणपाटाकडे बघत राहिले. ओमने वाकून फोन काढला, सदऱ्याला पुसला आणि म्हणाला, "उद्या सकाळी संध्या मॅडमकडे जायचंय. तू पण चल. फोन तुझा आहे."

मालनबाईंनी जुडी पुन्हा उचलली, पण बांधायचा दोरा काही नीट बसेना.

त्यांची सून शुभांगी कॅनडात नर्स होती. तिकडे कायमची राहायची परवानगी मिळाल्यावर ती गेल्या वर्षी रजा काढून आली, मखमलाबादला या घरात लग्न झालं, आणि अंगाची हळद पुरती उतरायच्या आत ती परत कामावर गेली. आता नवऱ्याला बोलावून घेण्यासाठी तिने तिकडे अर्ज केला होता. पण सरकार म्हणजे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. पत्रिका झाली, फोटो झाले, तरी त्यांचं एक होतंच, की हे लग्न खरं कशावरून? दोघं एकमेकांशी बोलतात तरी का?

नेमकी तिथंच गाडी अडली होती. ओम कामाला वाघ, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. त्याच्या फोनवरचा सगळा संसार 'हो', 'बरं', 'जेवलो' आणि एक वर केलेला अंगठा एवढ्यात आटोपत होता. ही कागदपत्रं तयार करून देणाऱ्या संध्या मॅडमनी ते वाचून विचारलं होतं, "हे नवरा-बायको आहेत, की घरमालक आणि भाडेकरू?" त्यावर हा बिचारा म्हणाला होता, "आमचं सगळं बोलणं आईच्या फोनवर असतं."

रविवारचा पाच मिनिटांचा फोन सोडला तर ते खोटं नव्हतं. शुभांगी सकाळी चहा घेऊन निवांत बसायची तेव्हा इकडे संध्याकाळ झालेली असायची, आणि त्या वेळी ओम मार्केट यार्डात पालेभाजीच्या लिलावात उभा असायचा. मग तिचे बोलून पाठवलेले निरोप यायचे सासूच्या फोनवर. त्याचा निरोप तिला आणि तिचा निरोप त्याला पोचवायचं काम मालनबाईंकडे आलं होतं, आणि पाणी मुरत होतं ते इथंच. मालनबाईंच्या हातची अळणी भाजी आजवर कुणाच्या ताटात गेली नव्हती. अळणी निरोप तरी कसा जावा?

ओम म्हणायचा, "बरं चाललंय म्हणून सांग." मालनबाई सांगायच्या, "अगं शुभे, अर्धी भाकरी ताटात ठेवूनच उठतो तो. म्हणतो, ही शुभांगीची." हे पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी तर तो तीन भाकऱ्या खाऊन यार्डात गेला होता! तिकडून शुभांगीने फोटो बघून विचारलं, की यांना दाढी करायला वेळ मिळत नाही का, तर इकडे ओमला कळलं ते असं, की दाढीत तू लय रुबाबदार दिसतोस म्हणाली. त्याने ती तेव्हापासून राखलीच.

वाईट हेतू काडीचा नव्हता. नवं लग्न, मध्ये सात समुद्र. जरा ओलावा राहिला तर रोप धरेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण उद्या त्या मॅडमपुढे सगळं पितळ उघडं पडणार. सरकार म्हणणार, बाई खोटारडी आहे, म्हणजे लग्नही खोटं. पोर तिकडे बर्फात एकटी राहणार, पोरगा इकडे. आणि कशापायी, तर आपल्या जिभेपायी.

बाकी ओम तिकडे गेल्यावर या घरात आपण एकट्याच, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारच्या गोजराबाई मुद्दाम विचारायच्या, "पोरगा गेला म्हंजी तुझं कसं गं?" त्यावर "बायको तिकडं अन् हा इकडं, ते काय बरं दिसतं का?" असं मालनबाई ठणकावून सांगायच्या. ते त्या मनापासूनच सांगायच्या. दुसरी गोष्ट मात्र कुणाच्या निरोपात बसणारी नव्हती, म्हणून ती त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडच्या त्या थंडगार ऑफिसात मालनबाई खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या. संध्या मॅडमनी फोनवर बोट फिरवलं आणि त्यांचे डोळेच विस्फारले.

"काकू, रोज एवढं बोलता तुम्ही? यावरून तर शुभांगीचं लग्न तुमच्याशीच झालंय असं वाटतं!"

ओम हसला. मालनबाईंना हसू आलं नाही, कारण मॅडमनी मधलाच एक आवाज लावला होता. तो शुभांगीचा होता.

"आई, त्यांना सांगा ना हो, ती दाढी काढा म्हणावं. अगदी साधूबाबा दिसतात."

ओमचा हात आपसूक गालावर गेला. त्याने आईकडे बघितलं. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

मॅडमनी पुढचा लावला. आता मालनबाईंचाच आवाज खोलीभर झाला. "अगं शुभे, काल काय केलं यानं! लिलावातून आला, तर हातात मोगऱ्याचं रोप. म्हणला, ती येईपर्यंत फुललं पायजे. विहिरीच्या पल्याड लावलंय, मोटारीच्या खोलीमागं."

"किती छान!" मॅडम म्हणाल्या. "पण एक सांगते, तिकडचा अधिकारी दोघांना वेगवेगळं विचारू शकतो. यातलं काही नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं असेल तर आत्ताच सांगा. हे मोगऱ्याचं खरंय ना?"

मालनबाईंनी पदर सावरला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. पोराचं नुकसान होण्यापेक्षा आपली फजिती झालेली बरी.

"मॅडम, त्याचं असं हाय..."

"खरंय," ओम म्हणाला. "सात-आठ कळ्या आल्यात."

वर्षभरात बायकोविषयी हा पोरगा आपणहून एवढं बोलला नव्हता, आणि बोलला तेही धडधडीत खोटं!

"आणि ही अर्धी भाकरी?"

"तीही खरी. आईलाच विचारा, रोज ताटात उरते का नाही ते."

मॅडमनी मालनबाईंकडे बघितलं. उरत तर होती. गेले कित्येक महिने उरत होती. पोराचं पोट बिघडलं म्हणून मालनबाई त्याला ओव्याचं पाणी पाजत होत्या, आणि ती उरलेली भाकरी खाऊन दारातलं कुत्रं गोल झालं होतं.

"उरते," त्या कशाबशा म्हणाल्या.

पिकअप घरी पोचली. अंगणात उतरल्या उतरल्या मालनबाईंचा धीर सुटला.

"अरे, माझी चूक झाकायला तू कशाला खोटं बोलला? उद्या तो साहेब मोगऱ्याचा फोटो मागंल, मंग काय दाखवशील? माझं डोकं?"

"चल," ओम म्हणाला.

गुडघे धरल्यापासून त्या विहिरीच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. ओमने हात धरून त्यांना बांधावरून नेलं, आणि मोटारीच्या खोलीमागे वळल्यावर तो बाजूला झाला. तिथं मोगरा होता. चांगला गुडघाभर वाढलेला, भोवती विटांचं आळं केलेलं, आणि त्यावर सात-आठ कळ्या.

मालनबाई खाली वाकल्या. एका कळीला त्यांनी बोट लावून बघितलं.

"रविवारी ती मला फोन करते ना, पाच मिनिटं," ओम जमिनीकडे बघत म्हणाला. "पहिल्यांदा तिनं विचारलं, माझी अर्धी भाकरी ठेवता ना? मला काहीच कळेना. पण ती एवढी खूश होती, की मी हो म्हणालो. मग काय, ठेवायला लागलो. पुढच्या वेळी विचारलं, मोगरा किती झाला? लगेच जाऊन नर्सरीतनं रोप आणलं."

"म्हंजी तुला समदं ठाऊक होतं?"

"दाढीचं नव्हतं," तो म्हणाला. मग दोघांनाही हसू आवरेना. हसता हसता मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदराने पुसलं. आपण वर्षभर थापा मारत होतो, आणि हा मुका पोरगा मागून एकेक थाप खरी करत चालला होता. त्या क्षणी त्यांना त्याच्याविषयी फार माया दाटून आली.

"पण आता जरा जपून," ओम म्हणाला. "परवा तू काय सांगितलंस? मला भाकरी थापता येते म्हणून. रविवार जवळ आलाय."

"मंग चल की. पीठ हाय घरात."

दाढी उतरवून ओम चुलीपुढे बसला. पहिली भाकरी त्याच्या हातातच फाटली, दुसरीने आफ्रिकेच्या नकाशाचा आकार घेतला. मालनबाई पाट ओढून शेजारी बसल्या आणि आज लिलाव नाही तर नाही म्हणून दोघंही निवांत झाली. थोड्या वेळाने फोन वाजला. शुभांगीने चौकशी केली होती, की मॅडम काय म्हणाल्या?

मालनबाईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि बटण दाबलं.

"अगं शुभे, समदं छान झालं. मॅडम म्हणल्या, काळजी करू नका. दाढी काढली बघ त्यानं. भाकरी तर अशी थापतो, चंद्रासारखी गोल." एवढं बोलून त्या थांबल्या. परातीतल्या पिठावर त्यांनी उगाच हात फिरवला. मग ओमकडे न बघता म्हणाल्या, "अन् ऐक, आणखी एक म्हणत होता तो. म्हणला, तिकडं गेलो तरी दर दिवाळीला दोघांनी घरी यायचं म्हंजी यायचंच."

त्यांनी बटणावरचा अंगठा उचलला. फोन खाली ठेवला.

ओमचे पिठाने माखलेले हात परातीवरच थांबले होते. थोड्या वेळाने त्याने पुढचा गोळा घेतला आणि थापायला लागला.

"हो," तो म्हणाला.