केकवर भाताचं झाकण

सूनबाईचा चहाचा काउंटर एका मोठ्या कचेरीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली आहे. जागा एवढीशी की दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं पोट आत घ्यावं. नऊ वर्षं ती तिथं विजेच्या किटलीवर चहा करते. जिन्याखाली जाळ नको, असा नियम आहे, म्हणून गॅस नाही. ओव्हन लावला तर वायर तापते. लोकांचे डबे गरम करायला ठेवलेला एक मायक्रोवेव्ह तेवढा चालतो.

शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी तिला वर बोलावलं. एका कंपनीला तिच्या जागी चहाचं मशीन बसवायचं होतं. एक बटण दाबलं की चहा, दुसरं दाबलं की बिस्किटाचा पुडा.

"मशीनला रजा लागत नाही," साहेब म्हणाले.

"मशीनला कुणाला साखर वर्ज्य आहे ते ठाऊक नसतं," सूनबाई म्हणाली.

साहेब हसले, पण सोडलं नाही. म्हणाले, "मशीन देऊ शकणार नाही असं काहीतरी ठेवा. ताजं, इथंच केलेलं. मंगळवारी चार वाजता मी स्वतः चव घेतो. जमलं तर काउंटर तुमचा. नाही तर बुधवारी मशीन येतं."

घरी येऊन तिनं हे सगळं सांगितलं आणि पिशवीतून भाताचा कुकर काढून माझ्यासमोर ठेवला. मायक्रोवेव्हमधला कुकर तो: जाड प्लॅस्टिकचं भांडं, दोन बाजूंना कड्या, वर घट्ट बसणारं झाकण आणि झाकणात वाफ जायला चार भोकं. दुपारी स्वतःपुरता भात ती त्यातच करते.

"आई, यात मी चॉकलेटचा केक करणार आहे."

मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या खानावळीत भात शिजवला. रोज चारशे पानं. भांड्याला कान लावून भात कुठवर आलाय ते सांगायची मी. म्हटलं, "केक तू कर. भांडं माझ्यावर सोड."

चूक तिथंच झाली, पण ती कळेपर्यंत पाच केक गेले.

शनिवारी सकाळी लेकानं काउंटरवरचा मायक्रोवेव्ह खांद्यावर घेऊन घरी आणला. घरातला का नको, तर प्रत्येक यंत्राची आच वेगळी. पोराला धाप लागली होती. "बायकोचा काउंटर, आईचं भांडं, आणि हमाली माझी," तो म्हणाला आणि चव घ्यायला हक्कानं बसून राहिला.

तोवर मी कुकरासोबत आलेलं माहितीपत्रक वाचून काढलं. वाचायला मी पंचावन्नाव्या वर्षी शिकले, तेव्हा एकही अक्षर गाळत नाही. त्यात लिहिलं होतं: शिजल्यावर झाकण न काढता दहा मिनिटं ठेवावं. मला फार बरं वाटलं. जन्मभर मी हेच सांगत आले. भात शिजतो आचेवर, पण होतो वाफेवर. छापणाऱ्यालाही ते माहीत होतं म्हणजे माणूस जाणकार.

पहिला केक भांड्याबाहेरच आला. सूनबाईनं मिश्रण गळ्यापर्यंत ओतलं होतं. ते फुगलं, झाकणाच्या चारही भोकांतून वर आलं आणि आतल्या काचेच्या थाळीवर पसरलं.

"केक फिरायला निघाला," लेक म्हणाला.

"तू पुसून घे," सूनबाई म्हणाली.

मी वही काढली. खानावळीतल्या मुकादमाचा एक नियम मी कधी मोडला नाही. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणीही कमी केलं आणि आचही कमी केली, तर गुण कशाचा ते कळत नाही. वहीत लिहिलं: मिश्रण भांड्याच्या निम्म्याहून कमी.

दुसरा बाहेर आला नाही. पण कडेला चपलेचा तळवा आणि मधे चिखल. सूनबाई म्हणाली, मायक्रोवेव्ह कडेनं आधी भाजतो, मध्यापर्यंत आच पोहोचतच नाही. मी म्हटलं, "मग मध्याला काही ठेवूच नको. स्टीलची वाटी पालथी घाल."

"अहो आई! स्टील आत गेलं तर ठिणग्या उडतील. मग केकही नको आणि काउंटरही नको."

"मग काचेचा ग्लास घाल. मला काय, मधली जागा अडली पाहिजे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं आणि जाड बुडाचा ग्लास तेल लावून मधे पालथा ठेवला. आचही उतरवायची होती, पण मी उतरवू दिली नाही. एका वेळी एकच. तिसऱ्यात मध्याचा चिखल गेला, कड चिवट राहिली. चौथ्यात आच मध्यमावर आणून नऊ मिनिटं दिली. मायक्रोवेव्हच्या काचेच्या दारातून तिघंही बघत होतो. केक सावकाश वर आला, गोल, एकसारखा, वर एक चीरसुद्धा नाही.

घंटी वाजली. मी भांडं बाहेर काढलं, झाकणाच्या कड्या नीट दाबल्या, वर जाड फडकं टाकलं आणि दहा मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही.

झाकण काढलं तर केक खाली बसलेला. वरून ओला, खालून ओला, बोटाला चिकटणारा. लेकानं घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिला.

"कसा आहे?" सूनबाईनं विचारलं.

"तोंड उघडलं की सांगतो," तो म्हणाला.

मग सगळ्यांवर आळ घेऊन झाला. नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, बेकिंग पावडर जुनी आहे. लेक जाऊन नवा डबा घेऊन आला. पाचवा केक तसाच ओला. सूनबाई म्हणाली दूध जास्त होत असेल. रविवारी सकाळी अर्धी वाटी कमी घालायचं ठरलं.

सहाव्याचं मिश्रण ती ढवळायला घेणार, तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा फोन म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. मी आतल्या खोलीत गेले. ती तिच्या गुडघ्यांचं सांगत होती आणि माझं लक्ष घंटीकडे. घंटी वाजली तेव्हा ती डाव्या गुडघ्यावर होती, उजवा अजून बाकी होता.

बाहेर आले तर केक ताटलीत. वर कोरडा, आत मऊ, बोटानं दाबला तर पुन्हा वर येणारा. लेक दुसरा तुकडा खात होता आणि त्याला बोलायला सवड नव्हती.

"दूध कमी केलंस ना? बघ!" मी म्हटलं.

सूनबाई ओट्याकडे बघत म्हणाली, "नाही केलं आई. विसरले. सगळं कालच्यासारखंच घातलं."

"आच?"

"तीच."

"वेळ?"

"नऊ मिनिटं."

मी वही उघडली. एका वेळी एकच गोष्ट. पाचव्यात आणि सहाव्यात काय बदललं? मैदा तोच, अंडी तीच, दूध तेवढंच. बदललेली गोष्ट एकच होती. सहाव्याच्या वेळी मी नव्हते.

"तू झाकण ठेवलंस का?" मी विचारलं.

"काढल्या काढल्या उघडलं. दोन-तीन मिनिटांनी ताटलीत पालथा केला."

"आणि हे तुला कधी कळलं?"

लेक मधे बोलला, "तिला काल रात्रीच शंका आली होती. म्हणाली, आईंना कसं सांगू? एकतीस वर्षांचा हात आहे."

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो माझा पीळ. भाताला वाफ मुरावी लागते. केकला ती निघून जावी लागते. कोंडली की झाकणाला पाणी धरतं आणि ते टपटप केकवरच पडतं. माहितीपत्रकातही खोटं काही नव्हतं. ते भातासाठी लिहिलेलं होतं आणि मी केकला वाचून दाखवत होते.

"अगं, काउंटर तुझा जातोय आणि तू माझा मान सांभाळत बसलीस?" मी म्हटलं. "माझा मान चार अंड्यांचासुद्धा नाही. आता सातवा लाव. सगळं तेच, आणि झाकण मुद्दाम दहा मिनिटं ठेव."

"कशाला? कळलं ना आता!"

"एकदा जमलं ते नशीब असू शकतं. पुन्हा बिघडवता आलं तर समजायचं की कारण सापडलं."

सातवा आम्ही ठरवून बिघडवला. ओला, बसलेला, चिकट. इतका वाईट केक बघून एवढा आनंद कुणाला झाला नसेल. आठवा झाकण उघडून, सुरेख. मग मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: घंटी वाजली की झाकण काढा. खाली सूनबाईनं तिच्या अक्षरात घातलं: आईंनीसुद्धा.

मंगळवारी मी तिच्याबरोबर काउंटरवर गेले. पावणेचारलाच साहेब आले, सोबत कंपनीचा माणूस, हातात मशीनचं चित्र. केक आत फिरत होता. वास जिन्यानं वर चढला आणि माणसं खाली उतरू लागली.

"झाला का?" साहेब म्हणाले.

"अजून सहा मिनिटं," सूनबाई म्हणाली. "आपण चार म्हणाला होतात."

घंटी वाजली. तिनं भांडं काढलं, झाकण उघडलं. वाफेचा लोट साहेबांच्या चष्म्यावर गेला. त्यांनी चष्मा पुसला, बाजूला पडलेलं झाकण उचललं आणि म्हणाले, "झाकून ठेवा हो, निवेल. एवढी माणसं, धूळ बसेल."

झाकण भांड्याला टेकायच्या आत मी त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"साहेब, या झाकणापायी दोन दिवसांची भूक आमच्या पोराची मोडली आहे," मी म्हटलं. "तीन मिनिटं थांबा."

ते थांबले. सगळेच थांबले. सूनबाईनं भांडं ताटलीवर पालथं केलं, ग्लास फिरवून काढला.

"मधे भोक का?" कंपनीच्या माणसानं विचारलं.

"तिथं कच्चा राहिला असता," ती म्हणाली. "कच्चं मी कुणाला देत नाही."

साहेबांनी एक तुकडा खाल्ला. दुसरा उचलला, तो अर्धा खाल्ल्यावर म्हणाले, "रोज असाच होईल?"

"चारला एक, साडेचारला एक. असाच. का होतो आणि का बिघडतो, दोन्ही आम्हाला माहीत आहे."

साहेब कंपनीच्या माणसाकडे वळले. त्याचं तोंड भरलेलं होतं. "तुमचं मशीन तिसऱ्या मजल्यावर बसवा," ते म्हणाले. "ही जागा भरलेली आहे."

सूनबाईनं मान डोलावली आणि पुढची अंडी फोडायला घेतली, कारण रांगेत अजून अकरा माणसं होती.