एक गुंठा बेणं आणि लॉगचं गणित

गणितात कमी गुण पडले, की आपल्याकडे घराघरांत एक वाक्य तयार असतं. मुलगा असेल तर, "बस रं पुन्हा अभ्यासाला!" आणि मुलगी असेल तर, "जाऊ दे बाई, न्हाई जमत तर सोड." पलूसच्या संयोगिताताईंनीही अगदी मायेनं तेच म्हटलं.

त्यांची क्रांती अकरावीत. वडील फौजेत. पोरीच्या डोक्यात एकच खूळ, एनडीएत जायचं आणि वडिलांनी सॅल्यूट ठोकावा अशी अधिकारी व्हायचं! पण एनडीएच्या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर असतो, आणि कॉलेजच्या चाचणीत लॉगॅरिदमनं तिची दांडी उडवली होती.

"माझ्या म्हायारात बी कुणा बाईला गणित आलं न्हाई," ताई म्हणाल्या. "उद्या सांगलीला जाऊ, सायन्स सोडू, आर्टला नाव घालू. उगं जीव जाळू नगंस."

क्रांतीनं पुस्तक मिटून कोनाड्यात सरकवलं.

तेवढ्यात शेजारच्या प्रभावती मॅडम आल्या. हायस्कूलात क्रांतीला गणित शिकवणाऱ्या याच. आता निवृत्त होऊन शेती बघत होत्या, आणि लागणीसाठी उसाचं बेणं, म्हणजे लावायच्या कांड्या, मिळतील का विचारायला आल्या होत्या. पोरीचा चेहरा पाहून त्यांनी आधी पुस्तकच काढायला लावलं.

"दोनाचा शंभरावा घात केला, तर उत्तर किती अंकी येईल," क्रांती पुटपुटली. "त्याचा लॉग तीस पूर्णांक एक दशांश येतोय. मी तीस अंक लिवलं. चूक! का, तेच कळंना."

मॅडम ताईंकडे वळल्या. "एका गुंठ्याच्या बेण्यात किती लागण होते हो तुमची?"

"धा गुंठं."

"आणि त्या दहाही गुंठ्यांचं बेणं केलं तर?"

"शंभर. आवं, ह्यात काय इचारायचं?"

"क्रांती, किती वेळा दहापट झाली?"

"दोनदा."

"हाच शंभराचा लॉग! आता शंभरात अंक किती?"

"तीन..." क्रांती थबकली. तिचे ओठ हलू लागले, आणि एकाएकी तिनं टाळीच वाजवली. "पहिला गुंठा! त्यो तर आधीच रानात व्हता! एकदाबी दहापट केली न्हाई तरी एकक स्थान असतंच की! मग तीसदा पुरी दहापट झाली, म्हंजे अंक एकतीस! आई, एकतीस!"

"आगं, येवढंच हाय व्हय ते?" ताई म्हणाल्या. इतकी वर्षं आपण कशाला भ्यालो, आणि पोरीलाही कशाला भिववलं!

"अवघड पोरांनाही जातं, ताई," मॅडम म्हणाल्या. "पण पोराला आपण पुन्हा बसवतो, आणि पोरीला उठवतो."

ताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि ठणकावून म्हणाल्या, "उद्या सांगलीला जायाचंच! आर्टला न्हाई, एनडीएची पुस्तकं आणाय. आन मॅडम, बेणं लागंल तेवढं न्या, पर सांजच्याला हिला घटकाभर शिकवा. मी बी बसती संगं."

वाचकहो, आपली लेक एखाद्या गणिताशी अडली, तर मायेपोटीसुद्धा तिला "सोड" म्हणू नका. तिच्या शेजारी बसा, आणि "पुन्हा कर" म्हणा.